कवचची चौकशी

‘पुलाच्या उत्तर टोकास तीन दैत्य आढळून आले आहेत. तरी पथकाने योग्य ती कार्यवाही करावी.’

खेळाच्या पडद्यावर तळाशी ही सूचना उमटली आणि रझाक मुजावर हसू लागला.

“आढळून आलेत म्हणे. फोरमनसाहेब, हा कवच नक्की तहसीलीत कामाला असणार.”

“आधी हाण त्यांना, मग हस,” नारायण घोलप म्हणाला.

मुजावरच्या रक्षकाने हातातून वीज सोडली. एक दैत्य पुलावरून खाली गेला. दुसऱ्याने मुजावरला धरून कठड्यावर आपटले.

“कवच, वाचव की रे,” असे मुजावरने घाईघाईने लिहिले.

क्षणभराने उत्तर आले : ‘आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करूनही असमर्थता व्यक्त करावी लागत आहे. शक्ती भरून येण्यास अवधी आहे.’

मुजावर पुन्हा हसला. घोलप मात्र हसला नाही. त्याने कळफलकावरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. त्याचा रक्षक पुलाच्या मध्यावर नुसता उभा राहिला आणि तिसऱ्या दैत्याने त्याला सावकाश चेचून काढले.

“काय झालं, नारूभाऊ?”

“ते परत वाच,” घोलप म्हणाला. “मोठ्यानं वाच.”

मुजावरचे दुकान मिरजेत, सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी होते. तेथे पूर्वी सायबर कॅफे चालत असे. घरोघरी मोबाइल आले तसा तो बंद पडला, संगणक मात्र राहिले. कूपवाडच्या ज्या पंपांच्या कारखान्यात आम्ही तिघांनी उमेदीची वर्षे घालवली, त्याला त्याआधीच टाळे लागले होते. मुजावर तेथे इलेक्ट्रिशियन होता, घोलप टर्नर आणि मी तपासणी विभागात फोरमन. दुपारची जेवणे उरकली की आम्ही दुकानात जमत असू. शेजारच्या घरात कोणीतरी तंबोऱ्याची जवारी काढत बसलेले असे आणि इकडे आम्ही तीन म्हातारे दैत्यांशी लढत असू.

‘अभयनगरचे रक्षक’ हा खेळ तेव्हा नुकताच आला होता. अचाट शक्तीचे वीर, त्यांचे मुखवटे, त्यांचे एक काल्पनिक शहर आणि त्या शहरात एकाच वेळी वावरणारी, एकमेकांना न ओळखणारी हजारो माणसे, असा तो प्रकार. तो मराठीत होता, म्हणूनच आम्ही त्याच्या वाटेला गेलो. माझी पदविका यंत्र अभियांत्रिकीतील. त्यामुळे पहिले काही दिवस मला फक्त दोषच दिसले. उडणाऱ्या वीराचा अंगरखा वाऱ्याच्या उलट दिशेने फडफडे. शहरातील मोठ्या पुलाला भार घेण्याजोगा एकही खांब नव्हता. टनावारी वजनाची मोटार उचलताना वीराची टाच जमिनीत रुतत नसे. हे सर्व मी बोलून दाखवले की मुजावर म्हणे, “साहेब, इथं तपासणी विभाग नाही. उडा आता.”

मग मीही उडालो. वस्तूतील तडा ओळखण्याची शक्ती मी निवडली, मुजावरने वीज घेतली आणि घोलपने मूठ. पथक चौघांचे असावे असा नियम होता. चौथा आम्हाला खेळातच मिळाला. त्याचे नाव कवच. दुसऱ्याचे घाव स्वतःच्या अंगावर घेणे ही त्याची शक्ती. अशी शक्ती सहसा कोणी निवडत नसे, कारण तिला गुण कमी आणि मार फार. कवचची भाषा पहिल्या दिवसापासून सरकारी होती. त्याने एकदाच स्वतःविषयी लिहिले होते : ‘गुडघ्यांमुळे जिना उतरणे बंद झाले आहे. दुपारच्या वेळेतील पथकाची उपस्थिती हाच तूर्त बाहेरचा संपर्क आहे.’

आता मुजावरने पुलावरचे ते उत्तर मोठ्याने वाचले. सहानुभूतीपूर्वक विचार करूनही.

“हर्डीकर,” घोलप म्हणाला.

मलाही तेच वाटले होते. घोलपच्या बडतर्फीच्या आदेशाची पहिली ओळ मला तोंडपाठ होती : ‘आपल्या दीर्घ सेवेचा सहानुभूतीपूर्वक विचार करूनही आपणांस सेवेत ठेवणे व्यवस्थापनास अशक्य झाले आहे.’ कारखान्यातील प्रत्येक नकार याच शब्दांनी सुरू होई. रजा नाकारणे असो, बदली नाकारणे असो, खाली सही केशव हर्डीकर यांची. कार्मिक व्यवस्थापक.

घोलपवर पर्यवेक्षकाशी अरेरावी केल्याचा आरोप होता. पत्नीला डायलिसिसला न्यायचे म्हणून त्याने पाळी बदलून मागितली होती. ती मिळाली नाही, तेव्हा तो यंत्र बंद करून निघून गेला. खात्यांतर्गत चौकशी झाली. तिच्यात मी त्याचा बचाव प्रतिनिधी होतो. पत्नीच्या आजाराचा विषय मी काढताच हर्डीकर म्हणाले, “तो मुद्दा आरोपपत्राच्या कक्षेबाहेर आहे. बसा, दाभाडे.” नोकरी गेली त्याबरोबर विमा रुग्णालयाची सोय गेली आणि त्या दिवाळीच्या आत घोलपची पत्नी गेली. पुढे घोलप दोनदा हर्डीकरांच्या बंगल्यावर गेला. दोन्ही वेळा त्याला फाटकावरून परत पाठवले.

“मला त्याला एकच विचारायचं हुतं,” घोलप म्हणाला. “माझी बायको मरायला टेकलीय, हे तुला ठावं हुतं का न्हाई? होय म्हण, न्हाईतर न्हाई म्हण. कक्षा नको आन् कलम नको.”

“मग आत्ता विचार,” मुजावर म्हणाला. “लिही खाली.”

“आत्ता विचारलं तर कागदासारखं उत्तर देईल. न्हाई. चौकशी लावायची. समदं नियमानं. साहेब, तुम्ही चौकशी अधिकारी.”

खेळात एक नियम होता. त्याला शक्तिहरण म्हणत. पथकातील कोणी फितूर निघाला, तर उरलेल्यांनी एकमताने कौल देऊन त्याची शक्ती काढून घ्यायची आणि आपसांत वाटून घ्यायची. शक्ती गेलेल्याचा मुखवटा उतरे आणि नोंदणीच्या वेळी दिलेले त्याचे खरे नाव साऱ्या शहराला दिसेल असे डोक्यावर तरंगू लागे. त्यानंतर तो साधा नागरिक. नागरिकाला स्वतःचे शब्द लिहिता येत नसत. त्याला चारच तयार वाक्ये दिलेली असत : ‘वाचवा’, ‘होय, रक्षक’, ‘नाही, रक्षक’ आणि ‘आभारी आहे, रक्षक’. एका माणसाला नोंदणी एकदाच करता येई, त्यामुळे नवा मुखवटा घेऊन परतण्याची वाट नव्हती.

“होय, न्हाईतर न्हाई,” घोलप पुन्हा म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला मी एवढे समाधानी पाहिले नव्हते.

पण त्याने घाई केली नाही. “आधी पर्मनंट करू,” तो म्हणाला. “टेम्परवारी माणसाला काढण्यात काय मजा न्हाई.”

म्हणून आम्ही कवचशी चांगले वागू लागलो. मोहिमेची आखणी करताना त्याचा सल्ला घेत असू. घोलप स्वतःहून लिही, ‘आज गुडघे कसे आहेत?’ कवच लिही, ‘विचारणेबद्दल आभार. पूर्वीप्रमाणेच.’ एकदा डोंगरावरच्या लढाईत घोलपवर आलेले एकूण एक घाव कवचने घेतले आणि त्याचा रक्षक कोसळून पडला. मुजावर खुर्चीत मागे रेलून म्हणाला, “नारूभाऊ, हर्डीकरनं तुझ्यासाठी मार खाल्ला बघ.”

“खाऊ दे. अजून हाय,” घोलप म्हणाला.

पावसाळा ओसरल्यावर आम्ही कवचला कायम केल्याचे पत्र दिले. मजकूर मी लिहिला. ‘आपला परिवीक्षा काळ समाधानकारक आढळल्याने आपणांस पथकात कायम करण्यात येत आहे.’

कवचचे उत्तर यायला त्या दिवशी फार वेळ लागला. मग आले : ‘कायम केल्याचे पत्र मिळाले. असे पत्र स्वतःच्या नावे आजवर कधी हाती पडले नव्हते. त्यामुळे वाचण्यास थोडा विलंब झाला.’

“काय म्हणतोय हा?” मी विचारले. “हर्डीकर तर पहिल्या दिवसापासून कायम होते.”

“विनोद करायलाय,” मुजावर म्हणाला. “म्हातारपणी सुचायला लागले.”

ते वाक्य मला खटकले होते. तपासणीत एखादा भाग मापात बसूनही हाताला वेगळा लागतो, तसे. परंतु मापात तो बसत होता आणि मी तो पुढे जाऊ दिला.

चौकशी आम्ही मुख्यालयाच्या गच्चीवर ठेवली. खेळातील मुख्यालय म्हणजे शहरातील सर्वांत उंच इमारत. कवच वेळेआधी येऊन उभा होता.

मी लिहिले : ‘आपणाविरुद्ध पथकाकडे तक्रार आली आहे. चौकशी अधिकारी म्हणून मी आपणांस काही प्रश्न विचारीन. आपण कूपवाड येथील पंपांच्या कारखान्यात, कार्मिक विभागात होता काय?’

पडदा बराच वेळ रिकामा राहिला.

‘होय.’

“आला,” घोलप म्हणाला.

‘तक्रारदाराचा टोकन क्रमांक ४१७. तो आपल्या परिचयाचा आहे काय?’

या खेपेस उत्तर लगेच आले. ‘नारायण बाळू घोलप. टर्निंग विभाग, दुसरी पाळी.’

मुजावरने शीळ घातली. “नंबर पाठ हाय त्याला.”

घोलपने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला. “विचारा पुढं.”

‘घोलप यांच्या बडतर्फीच्या आदेशातील शब्द कोणाचे?’

‘शब्द इकडचेच होते. निर्णय इकडचा नव्हता.’

“हेच म्हणणार,” घोलप म्हणाला. “वरनं आलं, मी सही केली. मला पाठ हाय ते. लिवा, मुद्दा कक्षेबाहेर हाय.”

“नारायण, त्याला बोलू तरी द्यावं,” मी म्हणालो.

“तुम्हाला बोलू दिलं हुतं का?”

मी लिहिले : ‘मुद्दा आरोपपत्राच्या कक्षेबाहेर आहे.’

‘नोंद घेतली. तथापि, खुलासा करण्यापूर्वी नाव सांगण्याची परवानगी असावी.’

“न्हाई,” घोलप म्हणाला. “नाव आमी बघतोय की आता. मला तितं नाव न्हवतं. म्या चारशे सतरा हुतो. लिवा, परवानगी नाही.”

मी तसे लिहिले.

‘घोलप यांच्याशी थेट बोलण्याची विनंती आहे.’

‘विनंती अमान्य.’

‘एका वाक्यापुरती.’

माझे हात थांबले. घोलपने आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि माझ्या कळफलकावर, एकेक अक्षर शोधत, स्वतःच्या बोटाने लिहिले : ‘सहानुभूतीपूर्वक विचार करूनही नाही.’

मुजावर मोठ्याने हसला. मलाही हसू आले.

कवचने पुढे काही लिहिले नाही. त्याला गच्ची सोडून जाता आले असते. संगणक बंद करता आला असता. पण तो उभाच राहिला. चौकशीतून मध्येच उठून जाऊ नये, हे ज्याच्या अंगी मुरले आहे तो जसा उभा राहील, तसा.

आम्ही कौल दिला. आधी घोलपने, मग मुजावरने, शेवटी मी. कवचच्या अंगातून निळा प्रकाश निघाला, त्याचे तीन भाग झाले आणि ते येऊन आमच्या तिघांच्या छातीत शिरले. गुणांचा आकडा वाढत गेला. त्याचे चिलखत गळून पडले. मग मुखवटा उतरला. खाली साध्या कपड्यातील एक आकृती उरली आणि तिच्या डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव उमटले.

एस्तेर रणभिसे.

 शेजारचा तंबोरा तेवढा वाजत होता.

“कोण रणभिसे?” घोलपने विचारले.

“रणभिसेबाई,” मुजावर म्हणाला. “हर्डीकरच्या केबिनबाहेर बसायच्या की. स्टेनो. मिशन कंपाउंडातनं सायकलीवर यायच्या.”

मग मलाही त्या आठवल्या. लोखंडी कपाट आणि हर्डीकरांचे दार यांच्यामध्ये त्यांचे टेबल असे. हर्डीकर सकाळी फक्त तीन शब्द सांगत, ‘याला नाही म्हणा’, आणि बाकीचा कागद त्या तयार करीत. हे शिपायापासून सर्वांना ठाऊक होते, पण आमच्यापैकी कोणाच्या कधी मनात आले नाही. ज्याची सही त्याचे शब्द, असेच आम्ही कारखान्यात शिकलो होतो. बाई कायम कधीच नव्हत्या. दर काही महिन्यांनी त्यांच्या सेवेत खंड देत आणि पुन्हा घेत. खंडाचे पत्रही त्याच टाइप करीत.

“मग हर्डीकर कुठंय?” घोलप म्हणाला.

मुजावरने मोबाइलवर थोडी शोधाशोध केली आणि पडदा आमच्यापुढे धरला. बेंगळूर. मुलाचे घर, झोपाळा, केक, मांडीवर नातू. सगळे हसत होते, हर्डीकरही.

घोलपने ते चित्र बराच वेळ पाहिले. मग मोबाइल परत दिला.

“सूर्य मावळायच्या आत कौल मागं घेता येतो,” मी म्हणालो. नियम मी नीट वाचले होते. “तिघांनी मिळून परत दिली तर शक्ती परत जाते.” अभयनगरचा सूर्य इमारतींच्या टोकांवर आला होता.

“देऊन टाकू,” मुजावर म्हणाला. त्याच्या आवाजात आता हसू नव्हते. “नारूभाऊ, बाईमाणूस हाय. जिना उतरता येत नाही तिला.”

त्याने कौल मागे घेतला. मीही घेतला. राहिला घोलप.

तो आपल्या संगणकापाशी गेला आणि बाईंना लिहू लागला. आम्ही त्याच्या पाठीमागे उभे राहून वाचत होतो.

‘मी घोलप. कागद तुम्ही केला का?’

‘होय, रक्षक.’

‘हर्डीकरांनी सांगितला म्हणून केला का?’

‘होय, रक्षक.’

“झालं की,” मुजावर म्हणाला. “तिचा काय दोष? दे परत.”

घोलपने त्याच्याकडे पाहिले नाही. तो अक्षरे शोधत राहिला. सूर्याचा अर्धा भाग खाली गेला होता.

‘माझी बायको आजारी होती. डायलिसिसवर. कागद करताना तुम्हाला ठाऊक होते का?’

गच्चीवरची आकृती हलली नाही. ‘नाही’ हे वाक्य तिच्यापाशी होते. ते निवडले असते, तर पडताळणारे जगात कोणी नव्हते. मला वाटते, ती तेच निवडील अशी मी मनात प्रार्थना करीत होतो.

‘होय, रक्षक.’

घोलप खुर्चीत मागे टेकला. त्याने एक मोठा श्वास सोडला, जड जॉब लेथच्या चकातून उतरवल्यावर सोडायचा तसा.

“म्हटलं,” तो म्हणाला. “कुणीतरी होय म्हटलं एकदाचं.”

“मग आता दे परत,” मी म्हणालो. “तुला हवं होतं ते मिळालं.”

“मिळालं की.”

“नारायण, सूर्य चाललाय.”

“जाऊ दे.”

“तिनं खरं सांगितलं. नाही म्हणता आलं असतं तिला.”

“हर्डीकरला ठावं नसंल, असं मी बारा वर्सं कधी कधी म्हणायचो,” घोलप शांतपणे म्हणाला. “रातच्याला झोप लागावी म्हणून म्हणायचो. आता तेबी गेलं. दाराबाहीर बसलेल्या बाईला ठावं हुतं, तर आतल्याला असणारच.” तो उठला आणि दाराशी जाऊन चप्पल घालू लागला. “रझाकभाई, च्या सांगू का?”

सूर्य मावळला. पडद्यावर शहराचे दिवे लागले आणि कौल कायम झाल्याची सूचना आली. गच्चीवर नागरिकांना थांबता येत नसे. खेळाने एस्तेर रणभिसे यांना आपोआप खाली चौकात नेऊन ठेवले.

मी मिशन कंपाउंडात जाऊन त्यांचे घर शोधले असते, तर सापडले असते. मिरज एवढी मोठी नाही. मी गेलो नाही. मुजावरही गेला नाही. त्यापुढे चौथा गडी म्हणून आम्ही नगरकडचा कोणी घेतला. तो फार बोलत नसे.

त्या येणे बंद करतील असे मला वाटले होते. परंतु दुसऱ्या दिवशी दुपारी त्या चौकात उभ्या होत्या, आणि तिसऱ्या दिवशीही. शहरातील बाकीचे नागरिक संगणकाने चालवलेले, बिननावाचे. डोक्यावर नाव असलेल्या त्या एकट्याच. त्यामुळे दैत्यांना त्या लांबूनही दिसत आणि प्रत्येक दैत्य आधी त्यांच्याकडेच वळे. खेळात खऱ्या माणसाला वाचवले की दुप्पट गुण मिळत. हे घोलपच्या लवकर ध्यानात आले. तो मुख्यालयाच्या गच्चीच्या कडेला बसून राही. दैत्य चौकात उतरला, त्याने बाईंना एकदा उचलून आपटले, की मग घोलप झेप घेई, दैत्याला लोळवी आणि बाईंना उचलून घरांच्या वर नेई.

गुण जमा होण्यासाठी नागरिकाला आभार मानावे लागत. बाई कधी लगेच मानीत, कधी वेळ लावीत. पहिल्या आठवड्यात मुजावर म्हणे, “सोड आता, नारूभाऊ.” पुढे तोही म्हणेनासा झाला. घोलपला घाई नसे. ते वाक्य उमटेपर्यंत तो बाईंना तसाच उंचावर धरून ठेवी.